पापनिवेदन म्हणजे पापाचा परवाना नव्हे
कॅथलिक माणसाने धर्मगुरूच्या कानात पाप सांगितले की ते पुसले जाते आणि तो पुन्हा तेच करायला मोकळा होतो, हा समज चेष्टेच्या गप्पांनी फार दिवस जपला आहे. चर्चची शिकवण मात्र नेमकी उलट आहे. ट्रेंट येथे भरलेल्या कॅथलिक चर्चच्या धर्मपरिषदेने १५५१ साली स्पष्ट केले की, झालेल्या पापाविषयी मनापासून दुःख व तिटकारा आणि ते पुन्हा न करण्याचा निश्चय असल्याखेरीज पापक्षमा मिळत नाही. म्हणजे चोरीचा माल घरात ठेवून, तो परत करण्याची इच्छाच नसताना कोणी क्षमेचे शब्द ऐकून आला, तर ते त्याला लागू पडत नाहीत, मग धर्मगुरूला त्याची लबाडी कळो वा न कळो. बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानातील जक्कय हा मुख्य जकातदार निम्मी मालमत्ता गरिबांना देऊ करतो आणि अन्यायाने घेतलेले चौपट परत करण्याची तयारी दाखवतो. त्याचा पश्चात्ताप असा थेट तिजोरीपर्यंत पोहोचतो. प्रॉटेस्टंट परंपराही येथे वेगळी नाही, कारण त्या परंपरेचा पाया घालणाऱ्या मार्टिन ल्यूथरच्या १५१७ च्या पंचाण्णव प्रबंधांपैकी (चर्चेसाठी मांडलेल्या विधानांपैकी) पहिलाच प्रबंध, विश्वासणाऱ्याचे संपूर्ण आयुष्य पश्चात्तापाचे असावे, असे सांगतो. माणूस पुढे पुन्हा घसरू शकतो, हे चर्चला ठाऊक आहे आणि तेवढ्याने आधीची क्षमा खोटी ठरत नाही. घसरायचे आधीच ठरवून आलेल्याला मात्र ती मिळालेलीच नसते.