बुटक्या कॅराव्हॅनला जॅक केवढा हवा?

पुण्याहून गाडीमागे कॅराव्हॅन जोडून मुळशी किंवा पवनेकडे निघालं, की पहिली परीक्षा घाटाआधीच होते, गतिरोधकावर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर आहे. गल्लीबोळांतले अनेक त्याहून उंच असतात. कॅराव्हॅनचा ट्रेलर बुटका असेल तर तिथे घासतो तो पुढच्या जॅकचा, म्हणजे गाडीपासून सोडल्यावर ट्रेलरचं पुढचं टोक उचलून धरणाऱ्या स्क्रूच्या टेकूचा, पाय.

जॅक घेताना पहिला प्रश्न असतो, ‘वजन किती उचलतो?’ बुटक्या ट्रेलरसाठी हा प्रश्न दुय्यम आहे. एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्केच भार पुढच्या टोकावर येतो. हजार किलोच्या ट्रेलरला १०० ते १५० किलो. स्क्रूला हे जड नाही. आट्यांमधलं अंतर ५ मिलिमीटर आणि हँडल २० सेंटिमीटरचं धरा. एका फेऱ्यात हात सव्वा मीटर फिरतो, भार जेमतेम ५ मिलिमीटर चढतो. पाऊण श्रम घर्षणात गेले तरी हाताला अडीच किलोएवढाच जोर लागतो. शिवाय याच घर्षणामुळे हँडल सोडलं तरी भार खाली घसरत नाही.

खरा पेच लांबीचा. जॅक म्हणजे नळीत सरकणारी नळी. पाय जितका बाहेर यायला हवा, तितका तो मिटल्यावर आत मावायलाही हवा. म्हणून धाव, म्हणजे पाय बाहेर येण्याचं अंतर, वाढली की मिटलेला जॅकही लांब होतो.

समजा, सांगाडा जमिनीपासून ४० सेंटिमीटरवर आहे आणि प्रवासात पायाखाली २० सेंटिमीटर मोकळे हवेत. मग मिटलेला जॅक सांगाड्याखाली २० सेंटिमीटरहून जास्त लोंबता कामा नये. कपलर, म्हणजे ट्रेलरचं जोडणीचं तोंड, गाडीमागच्या बॉलवरून सुटायला सांगाडा आणखी १० सेंटिमीटर उचलावा लागतो, म्हणजे पाय ५० पर्यंत पोचला पाहिजे. धाव झाली ३०. मावळातल्या पावसाळी चिखलात पाय रुततो, त्यासाठी थोडी जास्तच धरा. १५ इंची, म्हणजे ३८ सेंटिमीटर धावेचा जॅक इथे बसतो. उरलेली नळी सांगाड्याच्या वर येते. ती गाडीच्या डिकीच्या दाराला अडणार नाही ना, हे टेपने मोजूनच जॅक घ्या.

जागा फारच कमी असेल तर पिन काढून पाय खाली सोडता येणारा जॅक मला सगळ्यांत योग्य वाटतो. पाय पिनवर १५ सेंटिमीटर खाली आला की तेवढी धाव स्क्रूला कमी लागते. आखूड जॅकखाली विटांची चळत रचणं मात्र धोक्याचं. जॅक उभा भार पेलतो, आडवा धक्का नाही. म्हणून कपलर सोडण्याआधी ट्रेलरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावायचे.