कासवाच्या पोटातला जंत नेमका कोणता?

कासवाच्या विष्ठेत पांढरे, वळवळणारे धागे दिसले की पाळणारा घाबरतो आणि जंताचं औषध शोधायला लागतो. जंत म्हणजे आजार, हे समीकरण लहानपणापासून मनात पक्कं बसलेलं असतं. त्यामुळे तो कुठला जंत आहे हे कोणी विचारतच नाही. जमिनीवरच्या कासवांच्या बाबतीत मात्र पहिला प्रश्न तोच हवा. गुराढोरांना सर्रास दिलं जाणारं आयव्हरमेक्टिन कासवांना लुळं करतं, मारूही शकतं, हे पशुवैद्यकांना १९८० च्या दशकापासून माहीत आहे. म्हणजे निरुपद्रवी जंत मारण्याच्या नादात कासवच जायचं.

भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांत टेस्टुडो ग्रीका नावाचं कासव आढळतं. ते गवत-पाला खातं आणि तो पाला त्याच्या मोठ्या आतड्यात सावकाश आंबत राहतो. त्या आंबवणात हजारोंनी गोलकृमी राहतात. लांबी जेमतेम काही मिलिमीटर, नर मादीपेक्षा बराच लहान. यातले बहुतेक ऑक्सियुरिड गटातले, म्हणजे लहान मुलांना रात्री गुदद्वाराशी खाज आणणाऱ्या बारीक जंतांचे लांबचे नातेवाईक. त्यांतली एक मोठी प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, टॅकिगोनेट्रिया. तिच्या आठेक जाती एकाच कासवाच्या एकाच आतड्यात सापडू शकतात आणि साध्या डोळ्यांना सगळ्या सारख्याच दिसतात.

त्या ओळखायच्या कशा? जंत गरम केलेल्या सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये टाकले की सरळ होऊन स्थिर होतात; थंड द्रवात टाकले तर गुंडाळतात, आणि मग मापं घेता येत नाहीत. त्यानंतर लॅक्टोफेनॉल नावाच्या द्रवात ते पारदर्शक होतात आणि आतली अन्ननलिका, तिच्या शेवटी असलेला झडपांचा फुगीर गोळा, मज्जातंतूंचं कडं, उत्सर्जन छिद्र, मादीचं जननछिद्र हे सगळं सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागतं. प्रत्येक अवयव डोक्याच्या टोकापासून किती अंतरावर आहे ते मोजायचं. एका जंतावर भागत नाही. अनेकांची मापं घेऊन कमाल आणि किमान आकडे द्यावे लागतात. बारीक पात्याने डोकं कापून उभं केलं की तोंडाभोवतीचे ओठ समोरून पाहता येतात. खरी ओळख बहुधा नराच्या शेपटीवर पटते. तिथले सूक्ष्म उंचवटे, म्हणजे पॅपिला, किती आणि कुठे आहेत, मिलनाचा कडक काटा, म्हणजे स्पिक्यूल, किती लांब आहे, यावर जात ठरते. हे सगळं कॅमेरा ल्युसिडाने, म्हणजे सूक्ष्मदर्शकातलं दृश्य कागदावर गिरवू देणाऱ्या उपकरणाने, रेखाटायचं. जात नवी असेल तर एक नमुना होलोटाइप, म्हणजे त्या जातीचा अधिकृत नमुना, म्हणून संग्रहालयात जमा करायचा, म्हणजे शंभर वर्षांनी कोणालाही तोच जंत पुन्हा पाहता येतो.

डीएनए आल्यावर आता हे सगळं कशाला, असं हल्ली ऐकू येतं. पण डीएनएचा क्रम कुणाशी तरी जुळवावा लागतो, आणि ज्याच्याशी जुळवायचा तो जंत आधी कोणीतरी शेपटी पाहूनच ओळखलेला असतो.

एवढी मेहनत कशासाठी याचं सर्वांत सुंदर उत्तर १९६३ साली कृमितज्ज्ञ गेरहार्ड शॅड यांनी ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात दिलं. परिस्थितीविज्ञानाचा एक नियम आहे: दोन जातींची जागाही तीच आणि अन्नही तेच असेल, तर अखेरीस एक दुसरीला हुसकावते. मग एका आतड्यात टॅकिगोनेट्रियाच्या इतक्या जाती टिकतात कशा? शॅड यांनी आतड्यातल्या वेगवेगळ्या जागांवरचे जंत वेगवेगळे ओळखले, तेव्हा आतडं दोन दिशांनी वाटलेलं निघालं. एक वाटणी लांबीची होती: काही जातींचा भर सुरुवातीच्या भागात, काहींचा पुढच्या. दुसरी आडवी होती: काही जाती भिंतीला लगटून राहतात, काही मधल्या चोथ्यात पसरतात. माझ्या मते ही आडवी वाटणी अधिक विलक्षण आहे. आतड्याच्या भिंतीलगत रक्तातून झिरपणारा थोडा ऑक्सिजन मिळतो, मध्यभागी तो जवळजवळ नसतोच. त्यामुळे काही मिलिमीटरच्या अंतरावर जिवाणू बदलतात आणि खाणंही बदलतं. लांबी आणि रुंदी दोन्हींत ज्या जाती एकमेकींवर येतात त्या अन्नावरून वेगळ्या होतात. कोणी बारीक जिवाणू निवडून खातं, कोणी समोर येईल तो चोथा गिळतं, आणि त्यांच्या तोंडांची घडणही निराळी असते. सगळ्यांना नुसतं ‘ऑक्सियुरिड’ म्हणून एका बाटलीत भरलं असतं, तर यातलं काहीच दिसलं नसतं.

हे जंत कासवाचे ऊतक कुरतडत नाहीत, चोथ्यावर आणि जिवाणूंवर जगतात. त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि कासवाने ती गिळली तरच पुढची पिढी वाढते. कासवाच्याच आतड्यातल्या अट्रॅक्टिस या दुसऱ्या प्रजातीचं तसं नाही. तिची जुनी जात अट्रॅक्टिस डॅक्टिल्युरा १८१९ मध्ये रुडॉल्फी यांनी माणसाच्या मोठ्या जंताच्या अॅस्कॅरिस प्रजातीत टाकली होती. १८४५ मध्ये दुजार्दँ यांनी ती वेगळी काढली. म्हणूनच आजही तिच्या नावापुढे रुडॉल्फी यांचं नाव कंसात लिहितात. या गटातली मादी अंडी घालत नाही, पिल्लांनाच जन्म देते, आणि ती त्याच आतड्यात वाढू शकतात. बाहेरून नवा संसर्ग न होताही संख्या फुगते. याच कुटुंबातल्या प्रोअट्रॅक्टिसमुळे बंदिस्त कासवं मेल्याची नोंद १९८७ मध्ये झाली. विष्ठेत अंडी शोधून या गटाचा पत्ता लागत नाही.

जंत ओळखण्याच्या या शास्त्रात भारताचा वाटा मोठा आहे. गोबिंद सिंग थापर यांनी १९२५ मध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांतल्या ऑक्सियुरिडांवर सविस्तर प्रबंध छापला आणि पुढे लखनौमध्ये कृमिशास्त्राची परंपरा उभी केली. दक्षिण आफ्रिकेच्या ऑर्टलेप यांनी १९३३ मध्ये एका प्रजातीला थापेरिया नाव दिलं; १९६६ मध्ये फ्रान्सच्या अ‍ॅनी पेटर यांनी दुसरीला ऑर्टलेपनिमा.

आपल्याकडे कासव घरात ठेवलं की लक्ष्मी टिकते, ही समजूत अजून जिवंत आहे आणि त्यासाठी तारांकित कासवं चोरून विकली जातात. २०१९ पासून हे कासव आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या पहिल्या परिशिष्टात आहे, आपल्या वन्यजीव कायद्यानेही ते पाळता येत नाही. कासवाने कुणाचं भाग्य उजळत नाही. खोक्यात कोंबलेलं ते जनावर मात्र दुसऱ्या कासवांचे जंत घेऊन येतं. जप्त केलेली कासवं जंगलात सोडण्याआधी जंत तपासायला हवेत, ते यासाठी. एखादं मेलं, तर शवविच्छेदनात मोठं आतडं जागोजागी दोऱ्याने बांधावं, मग एकेक तुकडा वेगळा उघडून त्यातले जंत वेगळ्या बाटलीत घालावेत. थोडे जंत डीएनएसाठी थेट शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवावेत, फॉर्मेलिनमध्ये नको. चिठ्ठी पेन्सिलने लिहून बाटलीच्या आत टाकावी, कारण अल्कोहोलमध्ये शाई विरघळते.