कपट (विधी)

दुसऱ्याला फसवून त्याच्या हक्काला बाध आणणारी किंवा स्वतःचा गैरलाभ साधणारी कृती, विधान अथवा हेतुपुरस्सर बाळगलेले मौन, असे कपटाचे ढोबळ वर्णन करता येते. नेमकी व्याख्या करणे न्यायालयांनी बहुधा टाळले आहे. व्याख्या पक्की झाली की तिच्या बाहेरून जाणारी पळवाट शोधली जाते, हे त्यामागचे कारण.

मनुस्मृतीत (काळ सामान्यतः इ. स. पू. दुसरे ते इ. स. दुसरे शतक) कपटाने केलेले गहाण, विक्री, दान व प्रतिग्रह (दानाचा स्वीकार) रद्द करावेत, असे सांगितले आहे (८.१६५). याज्ञवल्क्याने बळजबरीचे व कपटाचे व्यवहार एकाच पंक्तीत बसवले आहेत.

रोमन विधीत कपटावर स्वतंत्र दावा गायस अक्विलियस गॅलस या विधिज्ञाने आणला, असे रोमन वक्ता व लेखक सिसेरो सांगतो. त्यापूर्वीची उणीव दाखवण्यासाठी त्याने एक कथा दिली आहे. सिराक्यूजच्या पिथियस नावाच्या सावकाराने आपल्या बागेसमोर कोळ्यांना मुद्दाम मासेमारी करायला लावली. जेवायला आलेल्या कॅनियसने होड्यांची ती गर्दी पाहून मागितलेल्या किमतीला बाग घेतली. दुसऱ्या दिवशी तेथे एकही होडी नव्हती. कालच त्या कशा आल्या, याचे शेजाऱ्यालाही नवल वाटत होते. कथा रंगवलेली असावी, पण तीत फसवणूक बोलण्यापेक्षा उभ्या केलेल्या देखाव्याने होते, हे महत्त्वाचे. दाव्याच्या काळाबद्दल मतभेद आहेत. अक्विलियस इ. स. पू. ६६ मध्ये प्रेटर (न्यायदान पाहणारा व नवे दावे जाहीर करणारा रोमन अधिकारी) होता, म्हणून तेच वर्ष पुष्कळदा दिले जाते. परंतु त्या वर्षी त्याच्याकडे निवडणुकीतील लाचलुचपतीचे न्यायालय होते, दिवाणी अधिकार नव्हता. मसुदा त्याचा आणि जाहीर करणारा प्रेटर दुसरा, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. ‘दाखवायचे एक, करायचे दुसरे’ ही अक्विलियसची व्याख्या होती. अशी व्याख्या लाबेओ या पुढच्या काळातील विधिज्ञाला अपुरी वाटली, कारण सोंग न करताही फसवता येते. अल्पियन या विधिज्ञाने लाबेओचाच पक्ष घेतला.

इंग्लिश विधीत वळण देणारा निर्णय डेरी विरुद्ध पीक (१८८९) हा होय. एका ट्राम कंपनीने भाग विकण्यासाठी काढलेल्या माहितीपत्रकात वाफेचे इंजिन वापरण्याचा हक्क असल्याचे म्हटले होते. वस्तुतः त्यास व्यापार मंडळाची संमती लागत होती आणि ती पुढे बहुतांशी नाकारली गेली. संचालकांचा आपल्या विधानावर प्रामाणिक विश्वास होता, म्हणून त्या वेळचे सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्‌सने त्यांना जबाबदार धरले नाही. विधान खोटे असल्याचे ठाऊक असणे, त्याच्या खरेपणावर विश्वास नसणे किंवा खरेखोटे याची पर्वाच नसणे, यांपैकी एक तरी सिद्ध व्हावे, असे लॉर्ड हर्शेल यांनी म्हटले. निव्वळ हलगर्जीपणा पुरेसा नाही. विधिपंडित फ्रेडरिक पोलॉक यांनी या निर्णयावर कडक टीका केली, तर विल्यम अॅन्सन यांनी त्याची बाजू घेतली. पोलॉक यांचा आक्षेप व्यवहारात खरा ठरला म्हणायचा, कारण पुढच्याच वर्षी माहितीपत्रकांतील चुकीच्या विधानांची जबाबदारी संचालकांवर टाकणारा वेगळा कायदा करावा लागला.

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७ मध्ये कपटाचे प्रकार दिले आहेत; कलम १९ नुसार असा करार फसवल्या गेलेल्या पक्षाच्या इच्छेने रद्द होऊ शकतो. नुसते मौन कपट नव्हे, पण बोलण्याचे कर्तव्य असेल तर ते कपट ठरते. अधिनियमातच उदाहरण आहे: लिलावात घोड्याची खोड नुसती न सांगणारा विक्रेता कपटी नाही, मात्र खरेदीदार नुकतीच सज्ञान झालेली त्याची मुलगी असेल, तर त्याने ती सांगितली पाहिजे. कपटाचा आरोप करणाऱ्याने वादपत्रात किंवा कैफियतीत (प्रतिवादीच्या लेखी उत्तरात) तपशील द्यावा लागतो (दिवाणी प्रक्रिया संहिता, आदेश ६, नियम ४). मोघम आरोप टिकत नाही.

कपटाने मिळवलेल्या हुकूमनाम्याचा (न्यायालयाच्या निर्णायक आदेशाचा) प्रश्न अधिक बिकट आहे, कारण निकालांना अंतिमता हवी असते. चेंगलवराय नायडू प्रकरणी (१९९३) वादीने स्वतःच लिहून दिलेले हक्कसोडपत्र दडवून वाटपाचा प्राथमिक हुकूमनामा मिळवला होता. असा हुकूमनामा मुळातच शून्य असून कोणत्याही न्यायालयात त्यास आव्हान देता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. अमेरिकेत १८७८ च्या थ्रॉकमॉर्टन निर्णयापासून खटल्याबाहेरचे कपट आणि खटल्यातलेच खोटे पुरावे असा भेद करत; निकाल रद्द करायला पहिलेच पुरे पडे. तो भेद आता पुष्कळ सैल झाला आहे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने टाखर प्रकरणी (२०१९) असे म्हटले, की ‘वाजवी दक्षता घेतली असती तर कपट आधीच उघड झाले असते’ ही सबब फसवणाऱ्याला मिळू नये. कपटाचा मुद्दा मूळ खटल्यातच उपस्थित झाला असेल तर काय, हे मात्र त्या निर्णयाने पुरते मिटवलेले नाही.