पाणी घरात शिरलं, पण आलं कुठून?

घरात गुडघाभर पाणी, भिजलेल्या गाद्या, फुगलेलं कपाट. घरमालकाला सगळं पाणी सारखंच. विमा कंपनी मात्र आधी विचारते, पाणी आलं कुठून? क्लेम मिळणार की नाही, हे बऱ्याचदा त्या उत्तरावर ठरतं.

घराच्या पॉलिसीत 'पाण्यामुळे झालेलं नुकसान' असं कलम दिसलं की लोक निर्धास्त होतात. मला भीती वाटते ती याचीच. या कलमात साधारणपणे अचानक फुटलेला पाइप किंवा टाकी येते. वादळात छप्पर फाटून पाऊस आत आला, तर तो क्लेमही बहुधा वादळाच्या नावाने होतो, पुराच्या नाही. पुरात आधी बाहेरची कोरडी जमीन पाण्याखाली जाते आणि मग पाणी उंबरा ओलांडतं. त्यासाठी नदीच हवी असं नाही. पावसाचं पाणी रस्त्यावर तुंबून आत शिरलं, तरी तो पूरच.

अमेरिकेत ही रेघ फार कडक आहे. तिथल्या नेहमीच्या गृहविम्यात पूर सहसा वगळलेला असतो, म्हणून १९६८ साली सरकारी पूरविमा योजना आली. तिच्यात घराचं आणि सामानाचं संरक्षण वेगवेगळं घ्यावं लागतं आणि पॉलिसी साधारण ३० दिवसांनी लागू होते. वादळाची बातमी ऐकून धावाधाव केली तर उशीर झालेला असतो. फ्रान्समध्ये १९८२ च्या कायद्याने नैसर्गिक आपत्तीचं संरक्षण घराच्या विम्यालाच जोडलं. भारतात १ एप्रिल २०२१ पासूनच्या 'भारत गृह रक्षा' पॉलिसीतही पूर धरलेला आहे. म्हणून दुसऱ्या देशातला सल्ला वाचून आपल्या पॉलिसीबद्दल अंदाज बांधू नका. 'वगळलेल्या बाबी' हे पान आधी उघडा.

सगळ्यात फसवा प्रकार गटाराचा. रस्ता कोरडा आहे, पण सांडपाणी मोरीतून उलटं वर आलं. हे ना फुटलेला पाइप, ना पूर. अनेक ठिकाणी त्यासाठी वेगळं जोडसंरक्षण घ्यावं लागतं. (महिनोन्महिने झिरपणारी ओल तर बहुतेक पॉलिसी देखभालीतली हयगय मानतात.)

वादळ आणि पूर एकाच रात्री आले तर? तेव्हा भिंत बोलते. छतातून आलेल्या पाण्याचे ओघळ वरून खाली उतरतात, कुठे दाट, कुठे विरळ. पुराची रेघ आडवी असते. जमीन सपाट असेल तर ती सगळ्या खोल्यांत जवळपास एकाच उंचीवर दिसते आणि तिच्याखाली गाळाचा पातळ थर बसलेला असतो. पाणी ओसरलं की आपण पहिल्यांदा फडकं हातात घेतो आणि हीच रेघ पुसून टाकतो. त्याआधी तिच्याशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा, आतल्या भिंतीचा आणि बाहेरच्याही.