कॅनव्हास ताणताना नेमकं काय ताणलं जातं?

सैल पडलेल्या कॅनव्हासवर मागून पाण्याचा फवारा मारायचा, वाळला की तो पुन्हा ताठ होतो, हा सल्ला चित्रकारांमध्ये सर्रास दिला जातो. तो पुरता खोटा नाही. प्रायमर, म्हणजे रंगाआधीचं अस्तर, लावून आलेल्या नव्या सुती कॅनव्हासवर पहिल्या खेपेला तो बऱ्यापैकी लागू पडतो, दुसऱ्या खेपेला थोडाफार, आणि पुढे मात्र कापड नुसतं ओलं होऊन वाळतं. असं का होतं हे कळलं, तर कॅनव्हास ताणण्याची निम्मी कृती पाठ करावीच लागत नाही.

कापूस असो वा लिनन, दोन्हींचे तंतू सेल्युलोजचे. सेल्युलोजच्या लांबलचक रेणूंच्या जुड्या साधारणपणे तंतूच्या लांबीच्या दिशेने रचलेल्या असतात. पाणी शिरतं ते या जुड्यांमधल्या जागेत. जुड्या एकमेकींपासून दूर सरकतात, पण स्वतः लांब होत नाहीत. म्हणून पूर्ण कोरडा कापसाचा तंतू पूर्ण भिजला तर त्याची जाडी साधारण पाचव्या हिश्शाने वाढते, लांबी मात्र जेमतेम एखाद्या टक्क्याने. लिननची लांबी तर तेवढीही वाढत नाही. आता प्रश्न असा, की ज्याचा एकही तंतू आखूड होत नाही ते कापड आटतं कसं?

उत्तर विणीत आहे. साध्या विणीत प्रत्येक उभा धागा आडव्या धाग्यांच्या एकदा वरून, एकदा खालून जातो. म्हणजे तो सरळ नसतो, नागमोडी असतो. समजा दोन आडव्या धाग्यांच्या मध्यांत 0.6 मिलिमीटर अंतर आहे आणि सगळ्या धाग्यांची जाडी 0.4 मिलिमीटर. उभा धागा 0.6 पुढे जाताना 0.4 वर किंवा खाली जातो. वळणं सरळ रेषांची धरली तर पायथागोरसप्रमाणे त्या तुकड्याची लांबी 0.36 अधिक 0.16 यांचं वर्गमूळ, म्हणजे सुमारे 0.72 मिलिमीटर. कापड ओलं झालं आणि धागे 10 टक्क्यांनी फुगले, तर चढ 0.44 होतो. तुकड्याची लांबी तीच, 0.72. मग पुढे जायला उरतं किती? 0.52 वजा 0.194 यांचं वर्गमूळ, साधारण 0.57. म्हणजे 0.6 चं 0.57 झालं आणि कापड जवळपास 5 टक्के आटलं. मीटरभर कॅनव्हासला 95 सेंटिमीटर व्हायचं असतं, पण कडा चौकटीला ठोकलेल्या असल्यामुळे ते जमत नाही आणि सगळा हिशेब ताणाच्या रूपात उमटतो. त्यात धाग्याच्या पिळाची भर पडते: पीळ दिलेले तंतू फुगले की धागाच आखडतो. वाळत घालायची सुती दोरी भिजल्यावर ताठ होते ती याच कारणाने.

वाळल्यावर धागे पुन्हा बारीक होतात आणि ताण उतरतो. मग पहिल्या खेपेचा फायदा टिकतो तो कुठून? मागावर आणि प्रायमर लावताना कापड ओढून धरलेलं असतं, त्यामुळे त्यातले धागे असायला हवेत त्यापेक्षा सरळ झालेले असतात. पहिल्यांदा भिजल्यावर ते मोकळे होऊन आपल्या वळणावर जातात आणि वाळल्यावर तिथेच राहतात. ही शिल्लक एकदाच वापरता येते. ‘आर्काइव्हल’, म्हणजे दीर्घकाळ टिकणारं, असं छापलेलं लेबल लावल्याने ती वाढत नाही.

हेच गणित ताणण्याचा क्रमही ठरवतं. उभे धागे ओढले की ते सरळ होतात आणि त्यांची वळणं आडव्या धाग्यांच्या वाट्याला जातात. म्हणजे एका दिशेने ओढलं की कापड दुसऱ्या दिशेने आखूड होतं. एक बाजू पूर्ण ठोकून मग दुसरीकडे वळणाऱ्याला कोपऱ्यात तिरक्या सुरकुत्या मिळतात, त्या यामुळेच.

चौकट आधी काटकोनात आणा. दोन्ही कर्ण फीत लावून मोजा, 2 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. पट्टीची आतली कड कॅनव्हासपासून उतरती असायला हवी. ती कापडाला टेकली, तर काही वर्षांत चित्रावर पट्टीची रेघ उमटते. बाजू मीटरच्या पुढे गेली तर मध्ये आडवी पट्टी घाला. 60 बाय 80 सेंटिमीटरच्या, 2 सेंटिमीटर जाड चौकटीला 74 बाय 94 चं कापड पुरतं. धागे चौकटीच्या कडेला समांतर ठेवा. लांब बाजूच्या मध्यावर पहिला स्टेपल, समोरच्या बाजूच्या मध्यावर ओढून दुसरा, मग उरलेल्या दोन बाजूंचे मध्य. या वेळी कापडावर चौकटीच्या मध्यांना जोडणारा शंकरपाळ्याच्या आकाराचा ताण दिसतो. तो दिसायलाच हवा. तिथून कोपऱ्यांकडे सरका: या बाजूला एक, समोर एक, दर 4 ते 5 सेंटिमीटरवर. रुंद जबड्याच्या पक्कडीचा खालचा उंचवटा पट्टीला टेकवून मनगट खाली वळवा. हाताने खेचत बसण्यापेक्षा ताण सारखा येतो. स्टेपल कडेला तिरका मारा, म्हणजे तो जास्त धाग्यांना धरतो. साध्या लोखंडी चुका मारू नका, त्यांचा गंज आजूबाजूचं सेल्युलोज कुजवतो.

स्टेपल लांब लांब मारले तर कडेचे धागे दोन स्टेपलांच्या मध्ये कमानीसारखे वाकतात. वर सरस आणि प्रायमर बसला की त्या कमानी कायमच्या गोठतात. जुन्या चित्राच्या एक्स-रेमध्ये त्या तीन कडांना दिसल्या आणि चौथीला नाही, तर चौथी बाजू नंतर कापली गेल्याची दाट शंका अभ्यासक घेतात.

कोरं कापड फक्त सुरकुत्या जाईपर्यंत ताणा. पाण्यातला जेसो, म्हणजे पांढरा प्रायमर, ते स्वतःच आवळतो, आणि आधीच घट्ट ताणलेलं असेल तर बारीक चौकट पिळवटते. प्रायमर लावलेल्या कापडाला पक्कड लागतेच. तरीही हौसेने फार खेचू नका: ताणून ठेवलेले धागे पुढच्या काही तासांत थोडे ढिले पडतातच. टिचकी मारून ढोलासारखा आवाज येतो का, ही परीक्षा तर सोडूनच द्या. कापड आणि ताण तेच ठेवून बाजू दुप्पट केल्या तर आवाजाची वारंवारता निम्मी होते. मोठा कॅनव्हास सैल नसतो, मोठा असतो इतकंच.

खरी गुंतागुंत सरसाने होते. तेलरंग कापडात मुरून त्याला ठिसूळ करू नये म्हणून पूर्वापार सशाच्या कातडीचा सरस लावतात. सरस कोरड्या हवेत जोरात आखडतो आणि दमट हवेत मऊ पडतो. कापडाचं बरोबर उलट. मॅरियन मेक्लेनबर्ग यांनी 1982 साली स्मिथसोनियनमध्ये चित्राचे थर वेगवेगळे तपासले, तेव्हा कोरड्या हवेत मोठा ताण सरस पेलतो असं दिसलं. आर्द्रता वाढत जाते तसा चित्रातला एकूण ताण घटतो, आणि 80 टक्क्यांच्या पुढे कापड आटू लागल्यावर पुन्हा वाढतो. त्यामुळे मधल्या आर्द्रतेला सैल दिसणारा कॅनव्हास वाईट ताणलेला असेलच असं नाही. भर दमट हवेत मात्र सरस सुटायला आलेला असतो आणि खालचं कापड आटत असतं. रंगाचे पोपडे उठतात ते इथे. जुन्या, सरस लावलेल्या चित्राला मागून फवारा मारणं म्हणजे ही स्थिती स्वतःहून आणणं. ॲक्रिलिक थर आर्द्रतेला इतके हळवे नसतात, पण 10 अंश सेल्सिअसच्या खाली ते कडक होतात. थंडीत असा कॅनव्हास ताणू नका, गुंडाळूही नका.

लाकडाला दोष कमी द्यावा. रेषांच्या दिशेने ते ओलं ते पूर्ण कोरडं होताना जेमतेम 0.1 ते 0.2 टक्के आखडतं, म्हणजे चौकटीची लांबी जवळपास हलत नाही. आडवं मात्र कित्येक टक्के आखडतं, म्हणून कोपऱ्यातले जोड उघडतात. रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’ या चित्राच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात लाटा आल्या, तेव्हा 2022 साली ते 1975 च्या लाकडी चौकटीवरून उतरवून नव्या चौकटीवर ताणावं लागलं.

घरच्या चित्रासाठी जोडात बसवायच्या लाकडी पाचरी पुरतात: प्रत्येक कोपऱ्यात दोन, एकूण आठ. ताणल्यादिवशी त्या ठोकू नका, हातानेच बसवा. महिन्यांनी कॅनव्हास खरंच ढिला पडला, तर कापड आणि पाचर यांच्यामध्ये पुठ्ठा धरून प्रत्येकीला एकेक हलका ठोका द्या. जोड मिलिमीटरभर उघडला तरी खूप झालं. पाचरीने कापड सगळीकडे सारखं ताणलं जात नाही, कोपऱ्यात सर्वांत जास्त ताणलं जातं. जुन्या तेलचित्रांच्या कोपऱ्यांत कमानीसारख्या भेगा दिसतात त्या याच्याच. शेवटी पाचरींना भोक पाडून त्या दोऱ्याने चौकटीला बांधा. सुटलेली पाचर खालच्या पट्टीमागे अडकली की चित्रावर पुढून टेंगूळ येतं, आणि ते सहसा जात नाही.