अपुऱ्या दिवसांच्या बाळाची आई आणि तिचे दूध

गर्भारपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला अपुऱ्या दिवसांचे बाळ म्हणतात. अशा बाळाच्या आईला घरात आणि दवाखान्यात सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न म्हणजे ‘दूध आले का?’, परंतु ते यावे यासाठी पहिल्या काही तासांतच काय करायला हवे, हे सांगणारे माणूस तिच्याजवळ असतेच असे नाही. कोकणात अंतरामुळे ही अडचण आणखी वाढते. मंडणगड किंवा राजापूरकडच्या गावातली बाई तालुक्याला बाळंत होते, बाळ जेमतेम दीड किलोचे भरते, त्याला रुग्णवाहिकेतून रत्नागिरीला नवजात शिशूंच्या विशेष कक्षात हलवतात आणि सिझेरियनचे टाके ताजे असलेली आई मागेच राहते. बाळासाठी यंत्रणा तातडीने हलते, ते योग्यच आहे; आईच्या दुधाचा विचार मात्र ती बाळापाशी पोहोचेपर्यंत थांबतो, आणि दुधाच्या दृष्टीने नेमके हेच दिवस सर्वांत मोलाचे असतात.

याचे कारण शरीराच्या रचनेत आहे. वार पडली की आईच्या रक्तातील प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक झपाट्याने उतरते, दूध तयार करवणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाला आपले काम मोकळेपणाने करता येते आणि साधारण दोन-तीन दिवसांत दूध भरून येते. अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणात किंवा सिझेरियननंतर याला थोडा उशीर लागू शकतो. इथपर्यंतचा भाग संप्रेरकांच्या बळावर होतो, पण त्यानंतर दूध टिकते ते स्तन वारंवार रिकामे होण्यावर. दूध साचून राहिले की त्यातीलच काही घटक आणि वाढलेला दाब दूध तयार करणाऱ्या पेशींना थांबण्याचा इशारा देतात. पूर्ण दिवसांचे बाळ हे रिकामे करण्याचे काम चोखून करते. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ मात्र गर्भवयाच्या साधारण ३२ ते ३४ आठवड्यांच्या सुमारास जमू लागतो. त्याआधी जन्मलेल्या बाळाचे हे काम आईच्या हातालाच करावे लागते.

म्हणून प्रसूतीनंतर शक्य तितक्या लवकर, पहिल्या सहा तासांच्या आत, हाताने दूध काढायला सुरुवात करावी, आणि पुढे दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा ते काढत राहावे. प्रोलॅक्टिनची पातळी रात्री अधिक असते, त्यामुळे रात्रीची खेप शक्यतो चुकवू नये. अंगठा आणि बोटे काळसर वर्तुळाच्या थोडी मागे ठेवून आधी छातीच्या दिशेने हलके दाबायचे, मग एकमेकांकडे आणायची, सोडायची आणि जागा बदलत हेच पुन्हा करायचे. कातडी घासायची नाही आणि स्तनाग्र ओढायचे नाही. पहिल्या दिवशी चीक येतो तो काही थेंब किंवा फार तर चमचा-दोन चमचे. तेवढा पाहून आई खचते आणि आजूबाजूचे ‘हिला दूधच नाही’ असे म्हणून मोकळे होतात. हे ऐकू आले तर परिचारिकेने तिथल्या तिथे थांबवावे, असे मला मनापासून वाटते. तो थेंबभर चीक प्रतिपिंडांनी भरलेला असतो आणि नळीने दूध घेणाऱ्या बाळाच्या गालांच्या आतल्या बाजूला लावला तरी वाया जात नाही.

पुढे एक शंका हमखास येते. सव्वा किलोच्या बाळाला पूर्ण दूध सुरू झाल्यावरही दिवसाला साधारण २०० मिलिलिटरच लागते, मग त्याहून जास्त कशासाठी काढायचे? कारण पहिल्या दोन आठवड्यांत शरीर आपली क्षमता ठरवत असते. या मुदतीअखेर दिवसाला अर्ध्या लिटरच्या आसपास दूध येऊ लागले, तर महिना-दीड महिन्याने बाळ अंगावर पिण्याइतके मोठे होईल तेव्हा त्याला पुरेसे मिळण्याची शक्यता बरीच वाढते. त्या दिवशी लागते तेवढेच काढत राहिले, तर बाळाची भूक वाढेल तेव्हा दूध आटत आलेले असते.

एवढा खटाटोप करावा इतके या दुधाचे मोल आहे. मुदतपूर्व प्रसूती झालेल्या आईच्या दुधात सुरुवातीच्या आठवड्यांत प्रथिने आणि संरक्षक घटक अधिक असतात. अशा बाळांच्या आतड्याचा भाग सुजून सडण्याचा जो जीवघेणा आजार असतो, तो आईच्या दुधावरच्या बाळांमध्ये पावडरच्या दुधावरच्या बाळांपेक्षा कमी आढळतो. फार लहान बाळांना त्यात पूरक प्रथिने व क्षार मिसळून द्यावे लागतात. त्याचा अर्थ आईचे दूध निकस आहे असा नाही. आईचे दूध मिळतच नसेल तर दूधपेढीतील दूध हा पुढचा पर्याय. आशियातील पहिली दूधपेढी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. पेढीतील दूध ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवतात. त्याने जंतू मरतात, पण काही संरक्षक घटकही कमी होतात, म्हणून स्वतःच्या आईचे दूध पहिल्या पसंतीचेच राहते.

बाळ एका गावी आणि आई दुसऱ्या गावी असेल, तर दूध पाठवता येते. उकळून घेतलेल्या झाकणाच्या भांड्यात ते काढावे, त्यावर तारीख-वेळ लिहावी आणि बर्फाच्या पिशव्या घातलेल्या पेटीतून न्यावे. मासळीसाठी वापरलेली पेटी कितीही धुतलेली असली तरी घेऊ नये, नवी घ्यावी. बाहेर ठेवलेले दूध सर्वसाधारणपणे चार तास टिकते, पण एप्रिल-मेच्या उकाड्यात एवढा भरवसा धरू नये. फ्रीजमधले दूध कक्षातल्या बाळासाठी २४ तासांच्या आत वापरलेले बरे. पावसाळ्यात तासन्‌तास वीज जाते तेव्हा हे विशेष लक्षात ठेवावे.

घरच्या रीतींबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. सुवेर, म्हणजे जन्मानंतरचा विटाळ, संपेपर्यंत बाळंतिणीने घराबाहेर पडू नये, ही समजूत तिच्या विश्रांतीसाठी चांगली असेलही. परंतु बाळ रुग्णालयात असताना ती पाळली तर आई आणि बाळ या दोघांचेही नुकसान होते. बाळाच्या शेजारी बसून, निदान मोबाइलवरचा त्याचा फोटो पाहत दूध काढले, तर पान्हा लवकर फुटतो, कारण तो घडवणारे ऑक्सिटोसिन काळजी आणि वेदनेने अडते. आळीव, पेज, मोरीचे, म्हणजे शार्क माशाचे, कालवण यांनी दूध वाढते असे मानतात. खाणे पोटभर असावेच, पण त्याने दूध काढण्याच्या खेपांची जागा घेतली जात नाही. शार्कच्या मोठ्या जातींत पारा साठतो, त्यामुळे रोजच्या जेवणात बांगडा-तारली अधिक बरी.

बाळ स्थिर होताच त्याला टोपी, लंगोट आणि मोज्यांवर आईच्या उघड्या छातीशी उभे धरून सुती कापडाने बांधतात. १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा शहरात सुरू झालेली ही कांगारू पद्धत आहे. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एक ते १.८ किलोपर्यंतच्या बाळांना स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच असे धरले, तेव्हा पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ८ ते २४ तास असे धरायला सांगते. छातीशी धरून झाल्यावर दूधही अधिक निघते. वडील आणि आजी यांनीही बाळाला असे धरावे, म्हणजे आईला झोप मिळेल.

सर्वांत कमी लक्ष जाते ते ३४ ते ३६ आठवड्यांच्या बाळांकडे. ती अंगाने बरी दिसतात, आईसोबतच घरी येतात आणि शांत झोपतात म्हणून कौतुक होते. ही शांतता बहुधा थकव्याची असते. चार-पाच घोट घेऊन ती झोपी जातात, मग वजन घटते, कावीळ वाढते. अशा बाळाला दर दोन-तीन तासांनी उठवून पाजावे, अंगावर पिऊन झाल्यावर काढलेले दूध बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने द्यावे आणि बाटली टाळावी. रुग्णालयातल्या प्रसूतीनंतर आशाताई तिसऱ्या दिवसापासून ४२व्या दिवसापर्यंत सहा वेळा घरी येतात. त्या वेळी वजन करून घ्यावे आणि आपल्यासमोर बाळाला पाजताना पाहायला त्यांना सांगावे. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसाला सहापेक्षा कमी वेळा शू करत असेल, किंवा दोन वेळा उठवूनही पीत नसेल, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.