सापांचे त्वचाविकार (बंदिवासातील)

पाळीव किंवा प्राणिसंग्रहालयातील सापांच्या त्वचेत व खवल्यांत उद्भवणारे विकार आणि त्यांवरील उपचार. कात अडकणे, पोटाकडील खवले कुजणे, माइटांचा (रक्त शोषणाऱ्या अतिसूक्ष्म अष्टपाद परजीवींचा) प्रादुर्भाव, कवकसंसर्ग (बुरशीचा संसर्ग), भाजणे आणि भक्ष्याचे चावे हे त्यांतील प्रमुख. बहुतेकांचे मूळ पेटीतील तापमान, आर्द्रता व स्वच्छता यांत सापडते. त्यामुळे औषधाआधी निवारा तपासावा, यावर जाणकारांचे सहसा एकमत असते.

सापाचे खवले माशाच्या खवल्यांसारखे सुटे नसतात. त्या बाह्यत्वचेच्याच घड्या असतात. बाहेरचा कठीण थर बीटा प्रकारच्या केराटिनचा (नखांतही असणाऱ्या कठीण प्रथिनाचा), आतला लवचिक थर आल्फा प्रकारचा आणि या दोहोंमध्ये मेदयुक्त थर असतो. शरीरातील पाणी बाहेर जाऊ न देण्याचे काम मुख्यतः हा मधला थर करतो. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो व तोही कातीबरोबर निघतो. कात टाकण्यापूर्वी जुन्या बाह्यत्वचेखाली नवी पूर्ण तयार होते आणि दोहोंमध्ये द्रव साठतो. अंग निस्तेज व डोळे निळसर दिसू लागतात. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात आणि त्यानंतर कात निघते. अवटू (थायरॉइड) ग्रंथीचा या चक्रावरील परिणाम सापांत व सरड्यांत उलट आढळला आहे : सरड्यांत तिचे हॉर्मोन कात टाकण्यास चालना देते, तर सापांत ते दोन कातींमधील विश्रांतीचा काळ लांबवते. ही ग्रंथी काढलेल्या सापांनी अधिक वेळा कात टाकल्याचे प्रयोगांत दिसले. त्यामुळे सरड्यांवरील निष्कर्ष सापांना लावताना सावधगिरी हवी.

निरोगी सापाची कात नाकाच्या टोकापासून उलटी होत अखंड निघते. ती तुकड्यांत निघाली, तर कोरडी हवा, शरीरात पाण्याची कमतरता, जुने व्रण, माइट किंवा अंग घासायला खडबडीत पृष्ठभाग नसणे यांपैकी कारण शोधावे. सापाला कोमट, उथळ पाण्यात ठेवणे, ओलसर कापडातून सरपटू देणे किंवा दमट शेवाळ भरलेली लपण्याची जागा देणे हे उपाय बहुधा पुरतात. शेपटीच्या टोकाशी राहिलेले कातीचे वेढे आवळत जाऊन रक्तपुरवठा तोडतात, म्हणून तो भाग दर वेळी पाहावा. डोळ्यावरचा जुना खवला चिमट्याने ओढू नये. खालचा नवा खवला फाटला तर डोळाच जाऊ शकतो. तो ओलसर ठेवून पुढच्या कातीची वाट पाहणे श्रेयस्कर. डोळा फुगलेला व आत पांढरट पू दिसत असेल, तर ते खवल्याखालील गळू असते. तोंडातील संसर्ग अश्रुनलिकेतून वर चढल्याने ते होऊ शकते व त्यावर शस्त्रक्रियाच करावी लागते.

पोटाकडील खवले कुजण्याचा विकार ओल्या, मळक्या अंथरुणावर होतो. आरंभी खवल्यांखाली पाणीदार फोड दिसतात, मग खवले तपकिरी होऊन झडतात. स्यूडोमोनास, एरोमोनास, प्रोटियस असे ग्राम-ऋण जीवाणू त्यात वारंवार सापडतात. ते रक्तात शिरले की पोटाचे खवले लालसर होतात आणि साप दगावू शकतो. साप कोऱ्या कागदावर कोरडा ठेवणे, सौम्य क्लोरहेक्झिडीन किंवा पातळ केलेल्या पोव्हिडोन आयोडीनने जखम धुणे आणि सिल्व्हर सल्फाडायझीन लावणे हे प्राथमिक उपचार होत. संसर्ग खोल असल्यास जखमेच्या नमुन्यातील जीवाणू प्रयोगशाळेत वाढवून पाहिल्यावर प्रतिजैविक ठरवतात. सेफ्टाझिडीम दर किलोस २० मिग्रॅ. या मात्रेने दर ७२ तासांनी टोचण्याची पद्धत रूढ आहे. इतके अंतर पुरते, कारण सापाच्या शरीरातून औषध संथपणे बाहेर पडते. मागील शरीरातले रक्त मूत्रपिंडातून जात असल्याने इंजेक्शन पुढील अर्ध्या भागात द्यावे, असा जुना संकेत आहे. औषध मूत्रपिंडातून लवकर बाहेर पडण्याचा हा परिणाम मानला जातो तितका मोठा नसावा, असे नंतरच्या चाचण्यांवरून वाटते. तरीही संकेत पाळण्यात तोटा नाही.

सापांवरील माइटांत ऑफिओनिसस नॅट्रिसिस (झेर्व्हे यांनी १८४४ मध्ये वर्णिलेली) ही जाती सर्वांत त्रासदायक. रक्त प्यालेली माइटाची मादी सापाचे अंग सोडून फटींत अंडी घालते, आणि उबेत अंड्यापासून प्रौढापर्यंतचा प्रवास १३ ते १९ दिवसांत पुरा होऊ शकतो. म्हणून केवळ सापावर उपचार करून भागत नाही. साप तासन्‌तास पाण्यात बसू लागला, तर हनुवटीखालच्या व डोळ्यांभोवतीच्या खवल्यांच्या कडा तपासाव्यात. फिप्रोनिल किंवा आयव्हरमेक्टिन वापरतात. मात्र आयव्हरमेक्टिन कासवांना प्राणघातक ठरते, तेव्हा एकाच खोलीत कासवे असल्यास विशेष काळजी घ्यावी. अजगर व बोआ यांच्या अंतर्वेशी पिंड रोगाशी (पेशींत असामान्य पिंड दिसणाऱ्या रोगाशी) २०१२ मध्ये अरेनाविषाणूंचा संबंध जोडला गेला. माइट त्यांचे वाहक असल्याचा संशय आहे. निर्णायक पुरावा मानण्याइतकी माहिती दिसत नाही.

कवकसंसर्गांत ऑफिडिओमायसेस ऑफिडिकोलाजन्य रोग सर्वांत अधिक अभ्यासला गेला आहे. त्वचेवर पिवळट-तपकिरी खपल्या, गाठी, चेहऱ्याची सूज आणि लागोपाठ कात टाकणे ही त्याची लक्षणे. अमेरिकेतील जॉर्जियामधील बंदिवासातल्या एका काळ्या रॅट सापापासून वेगळे केलेले हे कवक २००९ मध्ये क्रायसोस्पोरियम प्रजातीत वर्णिले गेले. २०१३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्रजाती स्थापन झाली. त्याआधीच, २००६ च्या सुमारास न्यू हॅम्पशरमधील आणि २००८ मध्ये इलिनॉयमधील रानटी घुंगरू सापांत तशा लक्षणांचा आजार दिसला होता. हे कवकच रोगाचे कारण आहे की आधीच अशक्त झालेल्या त्वचेवरील उपरा, यावर बराच काळ मतभेद होते. २०१५ मध्ये निरोगी कॉर्न सापांना प्रयोगात संसर्ग देऊन तीच विकृती उत्पन्न करण्यात आल्यावर पहिल्या मताचे पारडे जड झाले.

उगमाचा प्रश्न अधिक अवघड आहे. कवक उत्तर अमेरिकेत पूर्वापार होते व पर्यावरणातील बदलांमुळे प्रबळ झाले, असे एक मत. ते बाहेरून आले, असे दुसरे. संग्रहालयांत जतन केलेल्या नमुन्यांच्या फेरतपासणीत १९४५ सालच्या अमेरिकन सापात हा रोग आढळला. त्यामुळे २००० नंतर अचानक आगमन झाल्याची कल्पना टिकत नाही. परंतु १९४५ ही तारीखही आगमनाचे मत खोडत नाही, फक्त ते मागे सरकवते. २०२२ मधील जनुकीय अभ्यासात अमेरिकेतील वंश अलीकडच्या काळात व एकाहून अधिक वेळा तेथे आल्याचे सूचित झाले. उपलब्ध पुराव्यांत हेच मत अधिक ग्राह्य वाटते. पाळीव सापांच्या व्यापाराचा त्यात वाटा असणे शक्य आहे, सिद्ध नाही. युरोपातील रानटी सापांतही हे कवक असल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. निदान त्वचेच्या नमुन्याची सूक्ष्मदर्शकीय तपासणी व पीसीआर (कवकाचा डीएनए शोधणारी चाचणी) यांनी होते. टर्बिनाफीन व व्होरिकोनाझोल या कवकनाशक औषधांचे प्रयोग झाले आहेत. व्होरिकोनाझोलची विषबाधा काही सापांत घडल्याने मात्रा पशुवैद्यानेच ठरवावी. नवा साप इतरांपासून वेगळा ठेवणे हा सर्वांत खात्रीचा बचाव.

भाजण्याच्या जखमा थर्मोस्टॅट नसलेल्या तापगाद्या, तापदगड व उघड्या दिव्यांमुळे होतात. साप तापलेल्या पृष्ठभागावरून वेळीच हटत नाही. उंदराच्या चाव्यांपासून मेलेले भक्ष्य देऊन पूर्ण बचाव होतो. सापाचा पू घट्ट, पनीरासारखा असल्याने गळूचा निचरा होत नाही, ते कापून काढावे लागते. सापाची त्वचा आत वळण्याकडे कल असलेली असते, म्हणून टाके घालताना कडा बाहेर वळवतात आणि ते सहा ते आठ आठवडे ठेवतात.